मोराचा जोडो

टेकचंद मास्तरांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे वांगासरच्या हायस्कुलात सिंधी भाषा त्यांच्याइतकी शुद्ध कोणी शिकवत नव्हतं, आणि दुसरी म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही साहेबाला साधा चहासुद्धा मतलबाने पाजला नव्हता. यातला दुसरा अभिमान त्यांनी स्वतःहून, पूर्ण विचारांती, तीन वर्षं बाजरी चारून मोडला. पहिला त्याच भानगडीत परस्पर गेला.

जुलैत शहराहून शिक्षण खात्याचे फय्याज साहेब तपासणीला आले. मास्तरांनी त्यांना फळ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळी शाळा दाखवली आणि निघताना जीपपाशी हात बांधून मुलीचा विषय काढला. हेमी लाखासरच्या शाळेत मास्तरीण होती. लाखासर म्हणजे थरच्या वाळवंटातून खटारा ट्रकने चार तास. शाळेला एक खोली, आणि त्या खोलीमागची पडवी हेच हिचं बिऱ्हाड. महिन्यातून एकदा घरी यायची ती केसांतली वाळू झाडत. लग्न ठरून वर्ष झालं होतं. मुलगा वांगासरच्याच दवाखान्यात कंपाउंडर. त्याच्या आईने स्वच्छ सांगितलं होतं, "सुनेने नोकरी करावी, आमची ना नाही. पण पगार घरात आणि सून वाळवंटात, असलं लग्न आमच्यात होत नाही." गावातल्या मुलींच्या शाळेत डिसेंबरात एक जागा रिकामी व्हायची होती. ती हेमीला मिळाली की मांडव घालायचा, इतकी सरळ गोष्ट होती.

साहेबांनी एक पाय जीपमध्ये ठेवला आणि दुसरा बाहेरच ठेवला. सरकारी माणूस असा अर्धा आत अर्धा बाहेर उभा राहिला की समजावं, आता खरं बोलणं सुरू होणार.

"बघू," साहेब म्हणाले. "आणि हो मास्तर, आमच्या घरातून फार दिवस मागणी आहे. तुमच्या थरचा तो मोराचा जोडो. बाजारातला नको हं, घरचाच पाहिजे. चांगला भरगच्च, रंग उठून दिसेल असा. घाई नाही, सवडीने."

"हजर करतो, सायीं," मास्तर म्हणाले.

शेजारी भूमितीचे गुलशेर मास्तर उभे होते. त्यांची सूनही त्याच जागेसाठी अर्ज घेऊन बसली होती. त्यांनीही मान डोलावली. जीप गेली, धूळ बसली आणि दोघे मास्तर एकमेकांकडे न बघता आपापल्या वर्गात गेले.

घरी आल्यावर टेकचंद मास्तरांनी बायकोला बातमी दिली, "साहेबांना मोर पाहिजेत. नर आणि मादी. घरात वाढवलेले."

पारपती बाजरी पाखडत होती. तिने सूप थांबवलं. "मोर? शहरातल्या बंगल्यात?"

"मोठ्या माणसांचे शौक असतात."

"नक्की मोरच म्हणाले?"

"पारपती, तीस वर्षं मी भाषा शिकवतोय."

त्या घरात हा युक्तिवाद शेवटचा असे. पारपतीने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

आता वांगासरात मोर नाहीत असं नाही. खरं तर मोरांखेरीज वांगासरात दुसरं फारसं काही नाही. रोज सकाळी बायका अंगणात दाणे टाकतात आणि कुंपणावरून धपाधप मोर उतरतात. शाळेच्या गच्चीवर मोर, दवाखान्याच्या पायरीवर मोर. मास्तरांच्या स्वतःच्या भिंतीवर त्या घडीला सात बसले होते. पण ते देवीचे. थरात देवीचा मोर कोणी धरत नाही. जो धरतो त्याच्या घरात पाळणा हलत नाही, असं हिंदू म्हणतात. मुसलमान देवीचं नाव घेत नाहीत, पण मोर तेही धरत नाहीत. शिवाय साहेब स्पष्ट म्हणाले होते, घरचाच पाहिजे. तेव्हा अंडी बाहेरून आणायची, आपल्या घरात उबवायची, आपल्या दाण्यावर वाढवायची, म्हणजे ते मोर आपले झाले आणि देवीला बोलायला जागा राहिली नाही. हा मार्ग मास्तरांनी एका दुपारी झोपाळ्यावर शोधून काढला आणि त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

गावाला मात्र वाटलं नाही. शेजारचा चाचा खमीसो भिंतीवरून डोकावून म्हणाला, "अदा टेकचंद, खरं का? गावभर मोर फुकट हिंडतायत नि तू मोर पिकवणार?"

"हे वेगळे मोर आहेत, चाचा. घरचे."

"म्हणजे ते काय सासरचे?"

खमीसोच्या घरी कोंबड्या होत्या, त्यामुळे पंख असलेल्या कुठल्याही विषयावर त्याचा शब्द गावात प्रमाण मानत. त्याने बोटं मोडून सांगितलं की मोराचं अंडं कोंबडीखालीच उबवावं, लांडोरीचा भरवसा नाही. गल्लीच्या टोकाच्या शिंप्याने सांगितलं की मोराला पिसारा तिसऱ्या वर्षी येतो, त्याआधी दिलात तर साहेब म्हणतील टर्की पाठवली. देवळातल्या महाराजांनी सांगितलं की अंडी आणायला मंगळवार चांगला. फुकटच्या सल्ल्याला आमच्या गावात दुष्काळ कधी पडला नाही, बाकीचे पडले.

अंडी होती गुलशेर मास्तरांकडे. त्यांची कालव्याकाठी जमीन होती आणि तिथे आजोबांच्या वेळेपासून जाळीत मोर पाळलेले. मंगळवारी टेकचंद मास्तर पारपतीला घेऊन तिकडे गेले.

"अंडी?" गुलशेर म्हणाले. "मोराची? कशाला?"

"साहेबांसाठी. जोडो मागितलाय ना त्यांनी. तुमच्यासमोरच."

गुलशेर मास्तर थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां. खरंच की." आणि उठून आत बायकोशी बोलायला गेले. आत बराच वेळ कुजबुज झाली.

मग त्यांची बायको सबाई बाहेर आली. फार प्रेमाने तिने पारपतीचा हात धरला. "अदी, अंड्यांचे काय पैसे घ्यायचे आपसात? पाच द्या म्हणालात, पाच घ्या. पण माझी एक हौस आहे. तुझा तो लाल, मोरांचा, लग्नातला, तो मला दे. फार वर्षं डोळ्यांत भरलाय."

पारपतीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. तो तिने लग्नाआधी चार वर्षं बसून भरला होता. लाल रेशमावर आरशांचे गोल आणि त्यांच्याभोवती बावीस मोर. बाविसाव्या मोराच्या वेळी काळा धागा संपला, तेव्हा थरात दुष्काळ होता आणि दुकानं बंद होती, म्हणून त्याचा डोळा हिरव्या धाग्याने काढला होता. लग्नानंतर तो ट्रंकेत होता, हेमीच्या लग्नात हेमीच्या अंगावर घालायचा म्हणून.

"तो हेमीचा आहे," पारपती म्हणाली.

"हेमीचीच तर सगळी खटपट," मास्तर म्हणाले. "बदली झाली तर लग्न. लग्नच नाही झालं तर कापड घेऊन काय ट्रंकेला नेसवायचंय?"

हे वाक्य बोलताना त्यांना ते बिनतोड वाटलं होतं. पुढे ते त्यांना बऱ्याचदा आठवलं. दुसऱ्या दिवशी पारपतीने तो कपडा स्वतः नेऊन दिला. घडी घालताना हिरव्या डोळ्याच्या मोरावरून तिने दोनदा बोट फिरवलं.

खमीसोची खुडूक कोंबडी पाच अंड्यांवर बसवली. अठ्ठाविसाव्या दिवशी ईद होती. खमीसो नवाकोरा पांढरा जोडो घालून, अत्तर लावून आला आणि बाह्या सावरत दाराशीच उभा राहिला. कोंबडीखाली तीन पिल्लं निघाली होती. दोन अंडी गेली ती गेलीच. मास्तरांनी हर्षभराने एक पिल्लू उचलून खमीसोच्या हातावर ठेवलं आणि पिल्लाने क्षणात त्याच्या ईदच्या जोडोवर आपली मोहोर उमटवली. खमीसोने पुढे तीन वर्षं हा डाग प्रत्येक भांडणात काढला.

पिल्लं निघाली पण खाईनात. त्यांना म्हणे उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं लागतं. पारपती म्हणाली, "माझ्या चुलीवर अंडं उकडायचं असेल तर आधी मला उकडा." दुसरा उपाय वाळवीचा. वाळवीवर मोराची पिल्लं तरारतात. म्हणजे सात पिढ्या मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या घराण्यातले टेकचंद मास्तर रोज सकाळी पत्र्याचा डबा आणि जुनी खुरपी घेऊन वाळवी शोधत निघाले. महाराजांना विचारलं, तर ते म्हणाले, "मोर वाळवी खातो, हे मोराचं पाप. तुम्ही नुसते वाटाडे." मास्तरांना हे पटलं, कारण पटवून घेणं भाग होतं.

गावातली सर्वांत सकस वाळवी शाळेच्या दप्तरखोलीत होती. तिथे फाळणीपासूनची हजेरीपत्रकं ती खात बसली होती. मास्तर तासिका संपली की डबा घेऊन आत जात. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना जुन्या निकालपत्रांच्या ढिगाऱ्यात, खुरपीसह, ओणवं झालेलं पाहिलं.

"टेकचंद, हे काय?"

"वाळवी काढतोय, सायीं."

"डब्यात?"

"घरी नेतो."

हेडमास्तरांनी फार सौम्य आवाजात त्यांना आठ दिवस रजा घ्यायला सांगितलं आणि पारपतीकडे निरोप पाठवला की मास्तरांना सांभाळा, ऊन कडक आहे. मास्तरांना हा घाव फार लागला. तीस वर्षांत त्यांच्या डोक्याबद्दल कोणी शंका काढली नव्हती. नंतर कळलं की लोक ती नेहमीच काढत असत, तोंडावर पहिल्यांदाच.

एक पिल्लू मानमोडीच्या रोगाने गेलं. राहिलेली दोन वाढू लागली. डिसेंबरात मुलींच्या शाळेतली जागा भरली, आणि ती गुलशेर मास्तरांच्या सुनेला मिळाली. त्यांनी पेढे वाटले. टेकचंद मास्तरांनी पेढा खाल्ला आणि घरी येऊन म्हणाले, "गुलशेरकडे मोठे मोर तयारच होते. पाठवले असतील. आपले मोठे होईपर्यंत हे असं व्हायचंच." त्यांना गुलशेरचा राग आला नाही. पिल्लांचा आला.

तेवढ्यात बातमी आली की मुलींच्या शाळेत दुसरी जागा मंजुरीला गेली आहे. मास्तरांनी लगेच साहेबांना पत्र लिहिलं. शुद्ध, वळणदार, एकही काना-मात्रा न चुकवता: "आपला जोडो घरीच तयार होत आहे. अजून पुरता भरलेला नाही. भरला की सेवेस हजर करतो." आठ दिवसांनी साहेबांच्या हातचं उत्तर आलं: "घाई नको. नीट भरू द्या. घरच्या कामाला वेळ लागतोच." मास्तरांनी ते उत्तर चार जणांना वाचून दाखवलं. एवढा मोठा अधिकारी, पण पिसारा भरायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक आहे, यातच सगळं आलं.

मग परवाना. तो कोणी मागितला नव्हता, पण मास्तरांना सगळं कायद्याने करायचं होतं. लाचसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वन्यजीव खात्याच्या कारकुनाने पक्षी पाळण्याचा आणि शहरात नेण्याचा अर्ज घेतला, पक्षी बघायला आला, चहा प्यायला आणि पिल्लांचं लिंग विचारलं. हा प्रश्न गावात सहा महिने गाजत होता. खमीसो म्हणे एक नर एक मादी. शिंपी म्हणे दोन्ही माद्या. मास्तरांनी सरकारी कागद पाहून गांभीर्याने लिहून दिलं: मोर एक, लांडोर एक.

दुसऱ्या वर्षी दोघांच्याही मानेवर निळं चढलं. दोन्ही मोर निघाले.

दोन नरांचा जोडा कोण साहेब घेणार? एक मोर देऊन मास्तरांनी गुलशेरकडून एक लांडोर आणली. आता परवान्यात मोर एक, लांडोर एक, आणि घरातही मोर एक, लांडोर एक. म्हणजे सगळं जुळलं. पण मास्तर सत्यवचनी. ते पुन्हा कचेरीत गेले आणि म्हणाले की मूळची लांडोर मोर होती, ही लांडोर दुसरी.

"मग मूळ लांडोर कुठंय?" कारकुनाने विचारलं.

"ती मोर झाली."

"आणि तो मोर?"

"तो देऊन ही लांडोर आणली."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मास्तर, तुम्ही न सांगता हे सगळं बरोबर होतं. आता ते चूक आहे." त्यावर पाच महिने कागद फिरला. शेवटी शेरा पडला: "तपासणीअंती एक मोर लांडोर निघाला." तो शेरा वाचून मास्तरांना वाटलं, सरकारलाही भाषा शिकवायला हवी.

मोर आणि लांडोर एकत्र आले, पण मोराने लांडोरीकडे ढुंकून पाहिलं नाही. तो कोंबडीखाली वाढलेला. त्याला वाटे आपली जात कोंबड्यांची. तिसऱ्या वर्षी पिसारा आला तेव्हा तो भिंतीवर चढून खमीसोच्या कोंबड्यांसमोर तासन्‌तास फुलवून उभा राही. कोंबड्या माती उकरत राहत. देवीच्या मोरांनी एकदा येऊन त्याला चांगला चोपला. मास्तरांना त्याच्याबद्दल जरा माया वाटू लागली होती, आणि ते बरं नव्हतं, कारण तो द्यायचा होता.

या तीन वर्षांत हेमी महिन्याला एकदा आली. आली की आईजवळ बसे, बापाच्या मोराला दाणे टाके आणि सोमवारी पहाटेच्या ट्रकने जाई. तिसऱ्या मार्चमध्ये तिच्या सासूचा निरोप आला. अखातीजपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघू. त्यानंतर मुलाला दुसरी बघू. तिला दोष देता येत नाही. जवळजवळ चार वर्षं थांबली होती बाई.

एप्रिलात पिसारा पुरता भरला. मास्तरांनी शाळेतून दोन दिवसांची रजा काढली. पिसारा मोडू नये म्हणून पारपतीने मास्तरांच्या जुन्या पायजम्याचा एक पाय कापून मोराच्या पिसाऱ्यावर चढवला आणि नाडीने बांधला. तशा अवस्थेत मोर एका टोपलीत आणि लांडोर दुसऱ्या टोपलीत घालून मास्तर बसने शहरात निघाले. वाटेत वन्यजीव खात्याची चौकी लागली. परवाना पाहून शिपाई म्हणाला, "पायजमा कुणाचा?" मास्तरांनी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर न देणं हाच मान असतो.

साहेबांचा बंगला मोठा होता. नोकराने टोपल्या व्हरांड्यात ठेवल्या आणि मास्तरांना दिवाणखान्यात बसवलं. सोफा मऊ होता. मास्तर अंग चोरून बसले, मग थकल्यामुळे जरा टेकले. पाठीला उशीवरचे बारीक आरसे टोचले.

साहेबांची बायको आली. त्याच वेळी व्हरांड्यात मोर केकाटला आणि मागच्या अंगणातला कुत्रा भुंकत सुटला.

"हे काय आणलंत?" बाई घाबरून म्हणाल्या.

"मोराचा जोडो, अदी. आपण तीन वर्षांपूर्वी मागितलेला. थोडा वेळ लागला."

"मी? मोर मागितले?"

"साहेब स्वतः म्हणाले. मोराचा जोडो, घरचा, भरगच्च."

बाईंनी तोंडावर ओढणीचा पदर धरला. चांगल्या स्वभावाच्या असाव्यात, कारण हसू आवरायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला. "अहो मास्तर, जोडो. अंगात घालायचा. मोर भरलेला. तुमच्याकडच्या बायका भरतात ना? तुमच्याच गावच्या गुलशेर मास्तरांनी पाठवला होता, आठ दिवसांत. इतका सुंदर, पण मला अंगात घट्ट बसला. मग मी फोडून त्याच्या उश्या करून घेतल्या. तुम्ही टेकलाय ना, तीच."

मास्तरांनी उशी पुढे घेतली. लाल रेशीम, आरसे, चार मोर. कोपऱ्यातल्या मोराचा डोळा हिरवा होता.

दरवर्षी आठवीच्या वर्गात ते एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवत. मागच्याच परीक्षेत त्यांनी हा शब्द घातला होता. जोडो, अर्थ दोन लिहा, गुण दोन. अर्ध्या वर्गाला दोन्ही आले होते.

साहेब दुपारी जेवायला आले. सगळं ऐकून ते हसले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "मास्तर, ती दुसरी जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवली होती. सव्वादोन वर्षं. तुमच्याकडून काहीच येईना, तेव्हा मी समजलो मुलीचं लग्न होऊन गेलं असेल. गेल्या महिन्यात जागा दुसऱ्या तालुक्याला दिली."

"मी पत्र लिहिलं होतं, सायीं."

"हो. फार सुंदर अक्षर तुमचं." साहेब उठले. "आणि हे मोर घेऊन जा. घरात कुत्रा आहे."

परतीच्या वाटेवर पुन्हा तीच चौकी लागली. तोच शिपाई. त्याने परवाना उलटसुलट पाहिला. "हा वांगासरहून शहरात नेण्याचा आहे. शहरातून वांगासरला आणण्याचा कुठंय?"

"तेच मोर आहेत. सकाळी तुम्हीच पाहिलेत. हा पायजमासुद्धा तोच."

"मास्तर, जाणं वेगळं, येणं वेगळं. तुम्ही शिकलेले, तुम्हाला मी काय सांगू?"

त्याने टोपल्या उतरवून घेतल्या आणि पावती दिली. त्यावर लिहिलं होतं: "जप्त माल: मोराचा जोडो, नग एक. स्थिती चांगली." मास्तरांनी ती तीनदा वाचली. व्याकरणाची एकही चूक नव्हती. बस निघताना मोर केकाटला, आणि मास्तरांनी मान वळवली नाही, कारण वळवली असती तर बसमधल्या लोकांना त्यांचं तोंड दिसलं असतं.

वांगासरात उतरून ते आधी गुलशेर मास्तरांच्या दारात गेले. गुलशेर अंगणात खाट टाकून बसले होते. मास्तरांना रिकाम्या हातांनी आलेलं बघून ते समजले.

"तुम्हाला माहीत होतं," टेकचंद म्हणाले.

"साहेब जे बोलले ते मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. जसंच्या तसं. ती म्हणाली, भरलेला जोडो." गुलशेरांनी जमिनीकडे पाहिलं. "तुम्ही अंडी मागायला आलात. मी काय बोलणार होतो, अदा? भाषेचे मास्तर तुम्ही. मी भूमितीचा."

टेकचंद मास्तर मागे वळले. त्यांना पेढा आठवला. गोड होता.

पारपती दारातच उभी होती. दोन टोपल्या गेल्या होत्या, एकही आली नव्हती, म्हणून तिचं तोंड उजळलं. "आवडले?"

मास्तर ओट्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. उशीपर्यंत आल्यावर ते थांबले.

"माझाच होता?" तिने विचारलं.

"एकाचा डोळा हिरवा होता."

ती खाली बसली. मग तिने विचारलं, "साहेब त्या दिवशी काय म्हणाले होते? शब्दाला शब्द सांगा."

"मोराचा जोडो."

"हे मला सांगितलं असतंत."

"सांगितलं होतं की."

"तुम्ही मला सांगितलंत, साहेबांना मोर पाहिजेत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "मी विचारलं होतं, नक्की का. ट्रंकेत होता. ट्रंक तुमच्या खाटेखाली होती."

खमीसो भिंतीवरून डोकावला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, असलं काहीतरी तो बोलणार होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पारपतीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो निमूट खाली उतरला. डागाची आठवणसुद्धा काढली नाही.

शनिवारी हेमी आली. केसांतली वाळू झाडत तिने अंगणात पाहिलं. पिंजरा रिकामा होता. तिला आईने सांगितलं. दोन दिवस तिने घर झाडलं, दळण आणलं, सकाळी भिंतीवरच्या देवीच्या मोरांना दाणे टाकले. त्यातल्या एकाने तिच्यापुढे पिसारा फुलवला, चांगला भरगच्च, रंग उठून दिसेल असा. मास्तर खिडकीतून आत वळले.

अखातीज पंधरा दिवसांवर आली होती. असा एक जोडो भरायला चार वर्षं लागतात. त्या घरात तिघांनाही गणित येत होतं.

सोमवारी पहाटे ट्रक यायच्या आधी हेमी आईची ट्रंक उघडून बसली. आतून तिने सुयांची डबी काढली, धाग्यांच्या गुंड्या काढल्या आणि तळाशी राहिलेलं लाल रेशमाचं एक कापड.

"हे नेऊ? तिकडे शाळा सुटली की संध्याकाळ सरत नाही. बसून भरत जाईन."

"ने," पारपती म्हणाली.

"काळा धागा पुरेल का?"

पारपतीने गुंडी हातात घेऊन वजन पाहिलं. "पुरेल."

"काय भरू? मोर भरू?"

मास्तर दाराशी तिची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काहीही भर," पारपती म्हणाली. "मोर नको."